दुसरा जामीन

आई, रविवारच्या पुरवणीसाठी आज मी एक लेख लिहून दिला. रोजच्या देवघेवीला आणि अडीनडीच्या कर्जाला बँक बरी की पतसंस्था, असा विषय होता. असले लेख मी आता समोरचा चहा निवायच्या आत लिहिते. बँकेत ठेव सुरक्षित, व्याज कमी, पैसा दुसऱ्या गावीही काढता येतो. पतसंस्थेत माणसं ओळखीची, कर्ज लवकर, वर्षाच्या शेवटी लाभांश, पण कारभारी नीट नसले तर सगळंच बुडायची भीती. बुडालेल्या पतसंस्थांच्या बातम्या मीच लिहिल्या आहेत, त्यामुळे तो भाग जरा सविस्तर झाला. वेळेआधी मजकूर दिला, घरी आले, भात लावला, आणि मग लक्षात आलं की लेखात तू कुठेच नाहीस. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही. तेव्हा याला शब्दमर्यादाही नाही.

मी सासरहून परत आले त्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे. पारशिवनीकडचं ते घर मी का सोडलं ते तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तू मिलच्या रीलिंग खात्यात सुताच्या लड्या काढायचीस, लडीमागे मजुरी मिळायची. मी एक पिशवी घेऊन दारात उभी राहिले तेव्हा तू काही विचारलं नाहीस, पाणी दिलंस. विचारलं ते मामाने. त्याने सासरच्यांशी परस्पर बोलणंही करून टाकलं, की महिना संपला की या आणि घेऊन जा. तो हे सांगून गेला तेव्हा तू चुलीपुढे भाकर थापत होतीस. भाकर तव्यावर टाकलीस आणि माझ्याकडे न बघताच म्हणालीस की मॅट्रिकचा कागद काढून ठेव. दुसऱ्या दिवशी मिलची पाळी सुटल्यावर तू मला कॉलेजात घेऊन गेलीस. मुलींच्या वसतिगृहात जागा होती, आणि त्या फाटकातून बाप-भावाशिवाय कुणा पुरुषाला आत सोडत नसत. तू प्रवेशाआधी फाटकच पाहिलंस. वर्षाची फी आणि वसतिगृहाची अनामत महिनाअखेर भरायची होती. म्हणजे महिना संपताना मी एक तर त्या फाटकाच्या आत असणार होते, नाही तर पारशिवनीच्या बसमध्ये.

आधी आपण बँकेत गेलो. बँका सरकारी होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आता गरिबालाही तिथे कर्ज मिळतं असं मिलच्या गेटवर कुणीतरी म्हणालं होतं. बर्डीवरच्या त्या शाखेच्या दारात आपण दोघींनी चपला काढल्या. शिपाई हसून म्हणाला, मावशी, घाला चपला, हे काही मंदिर नाही. आत गार फरशी, उंचावर पंखे, पितळी टोकन मुठीत धरून बाकांवर बसलेली माणसं. मी आज तिथे उभी आहे असं वाटतं. मॅनेजर चष्मा काढून उभे राहतात, "बसा बाई" म्हणतात आणि तू खुर्चीच्या अगदी कडेला बसतेस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पैसे कशाला हवेत हे खोदून विचारलं नाही, तारण काय आहे तेवढं विचारलं. सोनं आहे का, मुदत ठेव आहे का, घर स्वतःच्या नावावर आहे का. सोनं माझ्या अंगावर गेलं होतं आणि तिकडेच राहिलं होतं. बाकीचं कधी नव्हतंच. ते म्हणाले, शिलाई मशीन घ्यायचं असतं तर काही करता आलं असतं, मुलीच्या शिक्षणासाठी माझ्या हातात काही नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण दारापर्यंत सोडायला आले. रस्त्यावर आल्यावर मी रडवेली झाले होते. तू मात्र कुठल्यातरी वेगळ्याच आनंदात होतीस. म्हणालीस, "मले खुर्ची देली. आन काहून पायजे, ते नाही इचारलं." त्या माणसाने कर्ज नाकारलं याचा राग तुला तेव्हा आला नाही आणि पुढेही कधी आला नाही.

मग उरली मिलच्या कामगारांची पतपेढी. गेटला लागून एक पत्र्याची खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट, बाहेर बाक. दर महिन्याच्या पगारातून सगळ्यांची वर्गणी तिथे कापली जायची आणि त्याच पैशातून सगळ्यांना कर्ज मिळायचं. सोनंनाणं लागत नसे. लागायचे दोन जामीनदार, दोघेही सभासद. कर्जदाराने हप्ता चुकवला की त्यांच्या पगारातून कापणार. आणखी एक रीत होती. दर रविवारी कमिटी बसायची आणि प्रत्येक अर्ज, कर्जाच्या कारणासकट, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जायचा. आपली अडचण अशी की माझ्या लग्नाचं कर्ज तू इथूनच काढलं होतंस आणि त्याचे हप्ते अजून चालू होते. तुझ्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी त्या कर्जाला जामीन होत्या, म्हणून त्यांना पुन्हा राहता येत नव्हतं.

चिटणीस भला माणूस. त्याने अर्ज लिहायला घेतला आणि तुला हळूच सुचवलं की कारणाच्या जागी लग्नकार्य लिहू, त्याला मर्यादाही जास्त आहे आणि कुणी प्रश्न करत नाही. धाकटीचं लग्न म्हणा. तू म्हणालीस, धाकटी कुठं हाय मले? तो म्हणाला, कोण पाहून राहिलं बाई. खरंच कोणी पाहत नसे. दवाखाना असो, म्हैस असो, नाही तर नवऱ्याने दारूपायी करून ठेवलेली उधारी, सगळे लग्नकार्यच लिहायचे. त्या पतपेढीच्या दप्तरात जेवढी लग्नं लागली तेवढ्या मुली आपल्या सगळ्या वस्तीत नव्हत्या. तू मान हलवलीस. एका लग्नाचं काढलं तेच निस्तरून राहिले, म्हणालीस, खरं असंल ते लिहा भाऊ. त्याने लिहिलं, मुलगी परत आली आहे, तिला शिकवायचे आहे.

एक जामीन तुला मिळाली, रीलिंगमधलीच निवृत्तीला आलेली एक बाई. दुसरीने हो म्हटलं होतं, पण शनिवारी निरोप आला की नवरा नाही म्हणतो. तरी रविवारी तू मला घेऊन गेलीस. मी बाहेर बाकावर बसले. माझ्या शेजारी तुझ्याच खात्यातली ती काकू होती, जिच्याशी तुझं बोलणं बंद होतं. लड्यांच्या मोजणीत तू तिच्या लड्या आपल्या नावावर लावल्यास असा तिने कधीकाळी आरोप केला होता, तेव्हापासून तुम्ही समोरासमोरच्या रीलवर पाळ्याच्या पाळ्या मुक्याने काढायचात. ती स्वतःच्या अर्जासाठी आली होती. पाऊस तोंडावर आला होता आणि तिच्या खोलीचे पत्रे सडले होते. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दार उघडंच होतं. चिटणीसाने तुझा अर्ज वाचला. अध्यक्ष म्हणजे विव्हिंग खात्यातले जॉबर, म्हणजे मुकादम, मोठ्या आवाजाचे. ते म्हणाले, "एकदा लग्नाले कर्ज, आता लग्न मोडलं त्याले कर्ज. बाई, ही पतपेढी हाय का तुह्या पोरीचं सासर?" खोलीतली माणसं हसली. मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली. मला वाटलं तू आता उठशील आणि आपण घरी जाऊ, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मला बरंच वाटलं असतं. तू उठली नाहीस, कारण तुला बसायला कुणी सांगितलंच नव्हतं. तू उभीच होतीस.

"हप्ता चुकला का माहा?" तू चिटणीसाला विचारलंस. तो नाही म्हणाला. मग तू अध्यक्षांकडे वळलीस. "लग्नाच्या कर्जावर तुमीच सही केलती. जेवायले बी आलते. तवा कोणी हसलं नाही."

आवाज चढवला नव्हतास. हिशेब सांगावा तसं सांगितलंस. अध्यक्ष खाकरले आणि त्यांचा सूर उतरला. म्हणाले, ते ठीक हाय, पण दुसरा जामीन कुठं हाय, नियम काही माह्या घरचा नाही. हेही खरंच होतं. तू पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिलीस, आणि मला तो क्षण आजही संपत नाही असा आठवतो.

माझ्या शेजारची काकू उठली. आत गेली, दाराशीच थांबली आणि तुझ्याकडे न बघता म्हणाली, "हिच्याशी माहं बोलणं नाही. ते येगळं. दुसरी जामीन म्हणून माहं नाव लिहा."

चिटणीसाने तिला समजावलं की बाई, तुझाही अर्ज आहे, जामीन राहिलीस तर तेवढी तुझी पत अडकते, तुझं कर्ज अर्ध्यावर येईल. तिने बोटांची पेरं मोजली. हिशेब करत असावी. मग म्हणाली, "मंग अर्धंच द्या. अर्ध्या घरावर पत्रे टाकीन."

तिने सही केली, आपल्या अर्जावरचा आकडा बदलून घेतला आणि माझ्यासमोरून चपला वाजवत निघून गेली. तू तिच्यामागे धावली नाहीस. कर्ज मंजूर झालं, आणि महिना संपताना मी वसतिगृहाच्या फाटकाच्या आत होते. त्या वयात मला वाटलं होतं, आता या दोघींचं मिटेल. मिटलं नाही. तुम्ही पुढेही तशाच मुक्याने लड्या काढत राहिलात. एकदा मी विचारलं तर तू म्हणालीस, बोलाचालीचं काय घेऊन बसली वं, तिने काय केलं ते मले माहीत, मी काय करून राहिले ते तिले माहीत. तू काय करत होतीस ते मला सुटीत घरी आल्यावर दिसायचं. दोन कर्जांचे हप्ते कापून हातात येणाऱ्या पगारात तू कशी राहायचीस, ते मी तुझ्या ताटावरून ओळखायची. तिच्या पगारातून माझ्यापायी काही कापलं गेलं नाही, एकदाही. आणि तिच्या खोलीवर निम्मे पत्रे नवे चकचकीत, निम्मे जुनेच, त्यांवर गोणपाट आणि विटा ठेवलेल्या. पुढे बातमीदारीपायी मी मोठमोठी धरणं पाहिली, मंत्र्यांची उद्घाटनं पाहिली. त्या अर्ध्या छपराखाली उभं राहून जसा माझा श्वास अडकायचा, तसा पुन्हा कुठे अडकला नाही.

बँकेने तुला खुर्ची दिली आणि पतपेढीने मला आयुष्य दिलं, असं लिहिलं असतं तर वाक्य चांगलं जमलं असतं. पण ते खरं नाही. त्या खोलीत तुला घरातलं सगळं चारचौघांत उघडं करावं लागलं, आणि तरीही पतपेढी तुला नाहीच म्हणत होती. बँकेतले साहेब तुझी लाज राखून नाही म्हणाले. फरक एवढाच की पतपेढीच्या नियमात एक जागा होती, जिथे एक माणूस उठून स्वतःला ठेवू शकत होता. सोन्याच्या, घराच्या जागी. बँकेच्या नियमात त्या काकूला उभं राहायला जागाच नव्हती. आजच्या लेखात हे कसं बसवायचं ते मला कळलं नाही, म्हणून मी व्याजाचे दर लिहिले.

माझं तसं सगळं बँकेतच आहे, आई. पगार तिथे येतो, हे घर बँकेच्याच कर्जातून झालं. कागद दिले, सह्या केल्या, कुणी माझ्या संसाराची चौकशी केली नाही. एकटी बाई म्हणून कुणी भुवईही उंचावली नाही. याचं मोल मला कळतं, तुलाही कळलं असतं. आमच्या वर्तमानपत्रात कर्मचाऱ्यांची पतसंस्था आहे, चांगली चालते. सभासद व्हा म्हणून ते लोक मला दरवर्षी सांगायला येतात, आणि माझी बँक आहे असं सांगून मी दरवर्षी हसून टाळते. कारण ते नाही. सभासद झाले की कुणीतरी कधीतरी माझ्या टेबलाशी येऊन जामीन राहता का म्हणून विचारेल, आणि माझ्या डोक्यावर तर पूर्ण छप्पर आहे, तरी मी हो म्हणेन याची मला खात्री नाही. या वर्षी होईन सभासद, असं इथे लिहिणार होते. तुला लिहिताना ते लिहवेना.