मेण लावलेली चेन

वहिनी,

काल तुम्ही विचारलंत, "भावोजी, सूटच्या चेनला मेण कमी पडलं का हो माझ्याकडून?" सभा गाजवणारा मी, युनियनच्या कामाचं निमित्त सांगून तुमच्या दारातून पळालो.

बोट बुडाली तेव्हा दादाच्या अंगात पाणी आत शिरू न देणारा तोच रबरी सूट होता, जो मी मालकाशी भांडून सगळ्या खलाशांना मिळवून दिला. बर्फासारख्या पाण्यातून तो जिवंत बाहेर आला. स्ट्रेचरवर हसलासुद्धा. नर्स ओरडत होती, "गारठलेल्या माणसाला आडवंच ठेवा, हृदय बंद पडेल!" पण धक्क्यावर खलाशी जमले होते आणि गर्दी दिसली की मला चेव येतो. मी गरजलो, "दादा, उभा राहा! बघू दे मालकाला आपण काय जिंकलो ते!"

"बुडालो तरी तुझ्या भाषणातून सुटका नाही," असं म्हणत तो माझ्या खांद्याला धरून उठला. दोन पावलं टाकली आणि कोसळला.

लोक म्हणाले, सूटमध्ये पाणी शिरलं म्हणून गेला. मी मान डोलावली. आता खलाशी सूट फेकून द्यायला निघालेत आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसल्या आहात.

हे पत्र टपालात टाकणं म्हणजे पुन्हा पळ काढणं. म्हणून फाडतो, आणि आधी तुमच्या दारात, मग शोकसभेत उभा राहून सांगतो: सूट मी माझ्या हातांनी उतरवला, वहिनी. आतला स्वेटर कोरडा होता.

तोंड दाखवायची लाज वाटणारा,
तुमचा धाकटा दीर