अकरा पोरांची नावं

२ नोव्हेंबर
पोचले एकदाची! विमान एवढंसं, सहा जणांचं, आणि माझ्या मांडीवर इंग्रिडची खेळण्यांची पेटी. इंग्रिड म्हणजे पोरांना बोलायला शिकवणारी बाई. कॅनडाच्या उत्तरेकडच्या आमच्या क्री आदिवासींच्या गावांत फिरते, एकेका गावात आठ-दहा दिवस. तिला आमची भाषा येत नाही, म्हणून सोबत मी. नववीत शाळा सोडल्यापासूनचं माझं पहिलं काम! मावशीचं सासर इथंच, म्हणून तिच्याकडेच राहतेय. तिनं मूस हरणाचं मटण रांधलं होतं. वाढता वाढता म्हणाली, अगं डॉर्कस, पाहुणे आले की तू पलंगाखाली शिरायचीस, आणि तुलाच बोलायचं काम दिलं? सगळे खो खो हसले. मीपण. तिचा एमोस पाच वर्षांचा झाला, अजून एक शब्द बोलत नाही. पण सरळ माझ्या मांडीवर येऊन बसला. इंग्रिडनं याला बोलतं केलं तर मावशी नाचेल.

४ नोव्हेंबर
शाळेची मागची खोली मिळाली. अकरा पोरं, एमोसपण त्यांत. नाव घेतलं की एकही ओ देत नाही. कान तपासले, सगळ्यांना ऐकू येतं. मग इंग्रिडनं खेळ काढला. ती गाण्यासारखं नाव घेणार, ज्याचं नाव त्यानं ‘मी इथं!’ म्हणायचं, की चेंडू त्याला. पोरं आधी एकमेकांकडं बघत बसली. मग सहा वर्षांची नोरा म्हणाली. तिला चेंडू मिळाला. मग काय, सगळ्यांनाच हवा.

६ नोव्हेंबर
जेमिमा आजी आली, गावातली सगळ्यात म्हातारी. कोट न काढताच बसली. तिला इंग्रजी येत नाही. मला म्हणाली, पोरी, त्या बाईला नीट समजाव. तळ्यावर बर्फाची साय धरली की तो माणसाचं वजन पेलेपर्यंत इथं कुणी नावाला ओ देत नाही. काम असलं तर जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा. या दिवसांत बर्फाखालून हाका येतात, ओळखीच्या आवाजात. ओ दिली की माणूस गेला. बर्फ जाड झाला की खेळा काय खेळायचं ते.
इंग्रिड पेन धरून माझ्याकडं बघत होती. शाळेची मास्तरीणपण. माझे कान तापले. हे इंग्रजीत कसं सांगायचं? आमच्या लोकांना हसतील, माझ्यामुळं. मी म्हणाले, आजी म्हणते पोरं लाजाळू आहेत.
आजीनं विचारलं, सांगितलंस ना? मी हो म्हणून मान हलवली. तिनं माझा हात थोपटला.

९ नोव्हेंबर
एमोस बोलला! मी विसरून चुलीजवळून त्याला नावानं हाक मारली, आणि तो म्हणाला, मी इथं! आयुष्यातले पहिले शब्द. मी टाळ्या वाजवल्या. मावशीनं धावत येऊन त्याचं तोंड दाबलं. पांढरीफटक पडली होती. म्हणाली, शाळेत हे थांबलं होतं ना? आजीनं घरोघरी सांगितलंय, डॉर्कसनं बाईला समजावलंय, पोरं बिनधास्त पाठवा.
 उद्या इंग्रिडला सांगते. नक्की.

१० नोव्हेंबर
नाही सांगितलं. हवा बिघडणार म्हणून विमान लवकर आलं, ती पुढच्या गावाला गेली. तिथं आमची भाषा सांगणारं दुसरं कुणी आहे, म्हणून मी मावशीकडंच राहिले. मला मिठी मारून म्हणाली, अकराच्या अकरा ओ देतात आता, तुझ्यामुळं.

११ नोव्हेंबर
भर दुपारी तळ्याकडून इंग्रिडचा आवाज. गाण्यासारखा. नो-रा.
इंग्रिड तर इथं नाही.
नोरा दुकानाच्या पायरीवर होती. खुशीत ओरडली. आईनं वळून बघितलं तर पायरीवर नुसते बूट.
माणसं शोधतायत. बर्फ कुठंच फुटलेला नाही.

१२ नोव्हेंबर
आजीला सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, आता तुझ्याच तोंडानं गावाला सांग. गावचा रेडिओ घराघरात दिवसभर चालू असतो. गेले. माईकपुढं बसले. बोलले. मी खोटं बोलले, पोरांना ओ द्यायची सवय लागलीय, त्यांचे कान झाका. आणि कुणाकुणाची पोरं ते कळावं म्हणून यादी वाचली. एकेक नाव. मोठ्यानं —
थांबले तर समोरच्या घरातून ऐकू आलं. मी इथं! मग शेजारून. मग त्याच्या पलीकडून. पोरं हसत होती. सगळा गाव ऐकू येत होता — तळ्यापर्यंत —
काय केलं मी.

१३ नोव्हेंबर
आता तळ्यावरून माझा आवाज येतोय. माझाच. यादीच्या क्रमानं. नोराला सोडून.
सकाळपासून चार पोरं गेली.
मावशीनं दार लावलंय. एमोसच्या कानात कापूस, वर टोपी, वर तिचे हात. माझ्याशी बोलत नाही. एकदाच म्हणाली, पाच वर्षं मी वाट बघितली गं, तो बोलेल म्हणून —
सात. पलीकडं कुणाची तरी आई किंचाळतेय.
एमोस यादीत शेवटचा. मी तोंड उघडत नाही. माझा आवाज ऐकला तर तो ओ देईल. म्हणून लिहितेय. हात थांबवता येत नाही —
नऊ.
टोपी काढली त्यानं. कापूस —
मी समोर बसलेय. तरी तो खिडकीकडं बघून हसतोय.
मावशीनं तोंड दाबलं त्याचं. घट्ट. तो चावतोय तिला — रक्त — तिचा हात सुट