क्षेत्र कुणाच्या नावावर

११ ऑगस्ट २०२५, शिक्रापूर
झालं! एकटीच मोठ्यानं ओरडले — झालं! शेजारच्या खोलीतल्या पोरी कंपनीत गेलेल्या. बाहेर नुसते ट्रक.
माझ्या समीकरणांतली सगळी जादा पदं एकमेकांना खाऊन शून्य झाली. गेज सममिती — कुणी कसंही मोजलं तरी नियम तोच — टिकली! इतकी वर्षं या एका शून्यामागं होते. आता सांगू कुणाला?

१२ ऑगस्ट
दौंडला अम्मीला फोन केला. म्हटलं, "समज, गावागावानं आपलं घड्याळ मनाला येईल तसं लावलं. तरी कुणाचं काही अडायला नको. मग गावांमधे ताळमेळ ठेवणारं काहीतरी लागणार ना? त्याला क्षेत्र म्हणतात. प्रकाश म्हणजे असल्याच एका क्षेत्राची लाट."
"क्षेत्र? कुणाच्या नावावर हाय?"
खूप हसले. फोन ठेवल्यावर रडूच आलं.
"जेवलीस का सुफिया?" एवढंच शेवटी.

१४ ऑगस्ट
शिरूरला कॉलेजात तास घेतले. स्टाफरूममधे सुषमा मॅडमना सांगितलं. त्या डबा उघडत म्हणाल्या, "छान. पण पर्मनंट नोकरीचं काय?"

१७ ऑगस्ट
संपलं.
तेच उत्तर कालच कुणीतरी नेटवर टाकलंय. हौशीराम बोरकर, निवृत्त प्राध्यापक, नागपूर. रीत वेगळी, शून्य तेच. माझा पेपर अजून अर्धाच लिहिलेला!

१८ ऑगस्ट
मेसचा डबा नको म्हणून कळवलं. कॉलेजलाही गेले नाही.

२० ऑगस्ट
बोरकरांचा पेपर पुन्हा वाचला. चुका काढायलाच बसले होते, खरं सांगायचं तर. एकही नाही. उलट मी जिथं महिनोन्‌महिने अडकले, तिथंच त्यांनी तळटीप दिलीय — 'येथे फार दिवस गेले.'
म्हणजे याच वाटेवर आणखी एक माणूस होता. मी इथं, ते तिथं. दोघंही एकटेच!
राग गेलेला नाही. तरी मेल केला. सगळं लिहिलं — त्या तळटीपेबद्दलसुद्धा. खाली नंबर दिला.

२४ ऑगस्ट
नागपूरहून फोन. त्यांची मुलगी, माया.
"बाबा मार्चमध्ये गेले. पेपर त्यांच्या कॉम्प्युटरवर पुरा झालेला सापडला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तसाच टाकला. तुमचा मेल पहिलाच." मग — "कुणाला कळला का हो तो?"
"मला कळला," म्हटलं.