दिव्यावरची टिकली

सोमवार, ८ जानेवारी २००१

गाडी मेली. कुडण्याच्या चढावर आधी खडखड, मग एक मोठा आवाज, मग काहीच नाही. मागून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकवाल्याने उतरून बाजूला ढकलून दिली. शाळेचं मस्टर चुकलं ते चुकलंच.

खरं काय ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार? गेले दोन आठवडे तेलाचा लाल दिवा मधूनमधून लुकलुकत होता. बाबांनी — माझ्या सासऱ्यांनीच मला गाडी शिकवली — पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हो दिवो पेटलो की थंयच थांबायचा. एक पावल फुडे जावचा नाय." आणि मी काय केलं? दिव्यावर टिकली चिकटवली. मरून रंगाची, बरोबर दिव्याएवढी. सांगितलं असतं तर गाडी दुरुस्तीला गेली असती आणि मला आठवडाभर बसमध्ये लोंबकळत डिचोलीला जावं लागलं असतं. बस्स, एवढंच कारण. एक शिक्षिका!

माझा नवरा शिवदास बाबांना घेऊन पोचायच्या आत ती टिकली काढली आणि गडबडीत कपाळावर लावली. आधीची एक होतीच, दोन झाल्या. शिवदासने एकदा बघितलं आणि गाडीकडे वळला.

बाबांनी गाडीखाली शिरून तळाचा बोल्ट काढला. तेलाचा थेंब नाही. कालच रविवारी त्यांनी तेल बदललं होतं. बोल्ट हातात घेऊन रस्त्याच्या कडेला बसले. मग म्हणाले, "जुना काढलंय ता याद आसा. नवा घातलंय काय नाय... माका आठवणा नाय."

दिवा आधीपासून लुकलुकत होता म्हणजे गळती आधीपासूनच असणार. मला हे तिथेच सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

मंगळवार, ९ जानेवारी

शिवदासने बाबांच्या स्कूटरची चावी काढून घेतली. "गेल्या महिन्यात स्कूटर बाजारात विसरून बसने घरी आले. आता हे. उद्या काय करतील?"

सासूबाईंनी त्यांना गॅसला हात लावायला बंदी केली. सकाळचा चहा तेच करायचे, चाळीस वर्षं. आज मी केला. त्यांनी प्यायला, नेहमीसारखी बशी न आपटता.

शुक्रवार, १२ जानेवारी

म्हापशाहून जुन्या गाडीचं इंजिन आणायचं ठरलं. गॅरेजवाला बसवून देतो म्हणाला, तर बाबा अडून बसले. "माझ्या हातान गेला. माझ्याच हातान घालतलंय."

तीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपर उघडले त्यांनी. पण तिथे क्रेन होती, हाताखाली चार माणसं होती. घरच्या अंगणात, फणसाखाली, अख्खं इंजिन — हे पहिल्यांदाच. शिवदास कपाळाला हात लावून ऑफिसला गेला. मदतीला कोण? मी म्हटलं, मी. सासूबाई म्हणाल्या, "किती गो तुझा बाबांर जीव." मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

रविवार, १४ जानेवारी

संक्रांत. गोड बोला म्हणून सगळे हातावर तीळ ठेवून गेले. मी तर बोलतच नाही.

बाबा एकेक वायर सोडवतात आणि मी तिच्यावर नावाची चिठ्ठी लावते. वह्यांवरची लेबलं आणली शाळेतून. "माझ्या डोक्यात रवाचा नाय, तू लिही." पूर्वी हेच बाबा नुसत्या आवाजावरून डंपरचा रोग सांगायचे म्हणे.

रविवार, २१ जानेवारी

जुनं इंजिन निघालं. शेजारच्या गोपाळने चेनपुली दिली, ती फणसाच्या फांदीला बांधली. मी साखळी ओढत होते, बाबा दोन्ही हातांनी इंजिन सावरत होते. ते लोंबकळत वर आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, अगदी सहज, "बाय, तेदवा तो लाल दिवो पेटलेलो काय गो?"

"नाही बाबा."

किती चटकन निघालं तोंडातून.

"मगे बल्ब गेलेलो आसतलो," ते म्हणाले. "तोव मीच बघूक होयो होतो."

इतके दिवस नुसती गप्प होते. आज खोटं बोलले.

शुक्रवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आले ती थेट अंगणात. नवं इंजिन (नवं कसलं, दुसऱ्याचं जुनं) खाली सोडलं. दोनदा तिरकं बसलं, तिसऱ्यांदा बसलं. एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

बाबा बोल्ट आवळतात, पाना खाली ठेवतात आणि मला विचारतात, "हो मी आवळलंय मा?" मी हो म्हणते. दुसऱ्या बोल्टकडे जातात, परत येतात, पहिल्याला हात लावून बघतात. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिचं उत्तर बरोबर असतं तरी खोडून पुन्हा लिहिते. कोणीतरी तिला घरी सारखं चुकतेस म्हणत असणार. बाबांना तसं मी केलंय.

रविवार, २८ जानेवारी

सांगून टाकलं.

सगळं जोडून झालं, फक्त तेल राहिलं. बाबांनी डबा माझ्या हातात दिला. "तू घाल. माझो माकाच भरवसो नाय." आणि तोंड फिरवून उभे राहिले, म्हणजे मी घालताना त्यांना बघायलासुद्धा नको.

मी ओतायला लागले आणि मला रडू फुटलं. टिकली, दोन आठवडे, गेल्या रविवारचं "नाही बाबा" — सगळं ओकले. सासूबाई पडवीत आल्या, शिवदास जनेलाच्या गजांतून बघत होता.  बाबांनी जुन्या इंजिनाचा तळाचा बोल्ट उचलला, आट्यांवर नख फिरवलं. "झिजलेत. म्हंजे आधीपासून गळत होता. मी इसारलंय नाय." पुन्हा म्हणाले, सासूबाईंकडे बघून, "आयकलंस? मी इसारलंय नाय."

माझ्यावर चिडलेच नाहीत. त्यांनी चिडायला हवं होतं.

मग स्वतः आत बसून चावी फिरवली. तिसऱ्या वेळेला इंजिन चालू झालं. लाल दिवा पेटला आणि विझला.

मंगळवार, ३० जानेवारी

शिवदास परवा एवढंच बोलला, तेव्हापासून अबोला. "माझ्या बापाला वेडा ठरवला मी, तुझ्या टिकलीपायी." बरोबरच आहे त्याचं. स्कूटरची चावी मात्र त्याने बाबांच्या हातात नेऊन दिली, खाली मान घालून.

शनिवार, ३ फेब्रुवारी

बाबा पूर्वीसारखे झाले. पहाटे उठून चहा करतात, बशी आपटतात, पाव विकणाऱ्या पोदेराशी उंड्यांच्या आकारावरून हुज्जत घालतात. टिकलीची गोष्ट हसत हसत साऱ्या आमोणे गावाला सांगितली, मी मान खाली घालून हसते. बाबांचं हे हसू मला महिनाभर हवं होतं. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

शिवदास काल म्हणाला, "यापुढे गाडी बाबाच चालवतील. तुझ्यापेक्षा ते बरे." मी लगेच हो म्हटलं. तेवढं तरी भरून द्यावं मी.

रविवार, ११ फेब्रुवारी

सकाळी भातासाठी पिंपात हात घातला. उकडे तांदूळ अर्ध्यावर आलेत. माप कशावर तरी आपटलं. उकरलं तर तेलाचा डबा. गाडीच्या तेलाचा. भरलेला, सील तसंच.

तेल बदलायच्या त्या रविवारी बाबा गाडीखाली असताना सासूबाईंनी त्यांना तांदळाचं नवं पोतं पिंपात ओतायला बोलावलं होतं. आता आठवलं मला. डबा न उघडताच हातात घेऊन गेले असणार.

मी डबा पुन्हा तांदळात पुरला. बाबा सासूबाईंना घेऊन इब्रामपूरला निघालेत, त्यांच्या बहिणीकडे. गाडी पुसून झाली. बाहेरून हाक मारतायत — "बाय, चावी खंय गो?"

चावी माझ्याकडे आहे. मी अजून उठलेले नाही.