बिनफोनची रजा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पोचले बाई एकदाची गोंदियाला! पुण्याहून निघताना मैत्रिणींनी हसून घेतलं. सगळं जग गोंदियातून पुण्याला नोकरीला येतं आणि गुंजन पुण्यातून गोंदियाला चालली, म्हणे. हसू देत. तिथे तीन वर्षं गाढवासारखी राबले आणि दर पगारवाढीला "मार्केट थंड आहे" एवढंच ऐकलं. माझ्यामागून आलेली पोरं कंपन्या बदलून पगार वाढवून घेत होती. त्यातला एक तर फिरून माझाच साहेब होऊन आला. तेव्हाच ठरवलं, आता आपणही उडी मारायची. इथे पगार दीडपट आहे आणि घरभाडं पुण्यातल्या पार्किंगएवढं.

ऑफिस बिरसीच्या रस्त्यावर, एका राइस मिलच्या अर्ध्या भागात. उरलेल्या अर्ध्यात अजून उसना तांदूळ निघतो, त्यामुळे एसीतसुद्धा उकडलेल्या धानाचा वास येतो. डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची इवलीशी विमानं घरघरत जातात. आम्ही परदेशातल्या गोदामांच्या मालाची सिस्टीम सांभाळतो. मालक श्यामलालजी, सगळे त्यांना शेठ म्हणतात. त्यांनी अर्ध्या हिंदीत मोठ्या अभिमानाने सांगितलं की इथून आजवर एकाही माणसाने राजीनामा दिलेला नाही. पुण्यात दर महिन्याला कुणाच्या तरी निरोपाचा केक कापला जायचा! मला फार आवडलं हे.

माझ्या वरचं एकच पद आहे, भूपेंद्रभाऊंचं. अर्जुनी मोरगावचे, घरची धानाची शेती, बोलणं कमी. सिस्टीम कुठेही अडली की पहिली हाक त्यांनाच. ती खुर्ची मला हवी आहे. लिहूनच ठेवते.

१२ नोव्हेंबर

भूपेंद्रभाऊ काही म्हणजे काही शिकवत नाहीत. सगळं डोक्यात ठेवतात आणि विचारलं की म्हणतात, "कायले घाई करून राहिली? हळू शीक." असली माणसं पुण्यात ढिगाने पाहिली आहेत. दुसऱ्याला आलं तर आपलं महत्त्व जाईल, ही भीती.

पण मीही काही कच्ची नाही. ते दुरुस्ती करत असले की त्यांच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग करते आणि वर माझ्या आवाजात समजावून सांगते. आता कुणीही नवखा ते व्हिडिओ पाहून सिस्टीम उभी करू शकेल. शेठ इतके खूश झाले की ऑफिसभर पेढे वाटले. भूपेंद्रभाऊंनी पेढा घेतला नाही. जळतात, दुसरं काय.

१९ नोव्हेंबर

आज अजबच झालं. शेठने भूपेंद्रभाऊंना भरपगारी रजा दिली, घरी जा, आराम करा म्हणाले, तर भाऊ हात जोडून नको म्हणायला लागले. रजा नको म्हणून रडणारा माणूस मी आयटीत पहिल्यांदाच पाहिला! घरी धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू आहे, जायला काय हरकत आहे?

जाताना मला दारापाशी गाठून पुन्हा पुन्हा सांगून गेले की काही अडलं तर मला फोन कर. हो हो म्हटलं. मनात म्हटलं, आता बघाच.

२५ नोव्हेंबर

सर्व्हर दोनदा बसला आणि दोन्ही वेळा मी एकटीने उठवला! भूपेंद्रभाऊंना फोन करायची वेळच आली नाही. शेठ मागे उभे राहून बघत होते, पाठ थोपटली.

भाऊच सारखे फोन करतात. आज तर चक्क विनवण्या करत होते, "एक तरी फोन कर वो बाई, काही नसन तरी कर." एवढा असुरक्षित माणूस! मला हसू आलं आणि थोडी दयाही आली. म्हटलं, सगळं ठीक आहे भाऊ, तुम्ही आराम करा. मागे चुरणीच्या आवाजात कुणीतरी "बस झालं, फोन ठेवा" म्हणालं. मग फोन बंद झाला.

२८ नोव्हेंबर

अक्षर लागलं नाही तर न लागो.

दुपारी जेवणं झाल्यावर शेठने सगळ्यांना बॉयलरच्या शेडमध्ये बोलावलं. भूपेंद्रभाऊंचा निरोप आणि मला बढती, असं सांगितलं. समोसे होते, हार होता. मग शेठची पांढरी गाडी आली आणि त्यातून भाऊंना उतरवलं. पोती शिवायच्या सुतळीने हात मागे बांधलेले. तोंडातून रक्त येत होतं.

मी ओरडले. बाकी कुणीच ओरडलं नाही. शेठने मला लहान पोरीला समजवावं तसं समजावलं. जाणता माणूस बाहेर पडला की काम सोबत घेऊन जातो, दुसऱ्याकडे पगार वाढवून घेतो. म्हणून इथून कुणी बाहेर जात नाही. आणि रजेवरच्या माणसाला एकही फोन करावा लागला नाही, तर त्याला पोसायचं कशाला? ज्याला खुर्ची मिळते त्याने पहिला हात लावायचा, ही इथली रीत.

बॉयलरमध्ये कोंडा ढकलायची लोखंडी सळई माझ्या हातात दिली. दोघांनी माझी कोपरं धरली. भाऊ शेठकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "काऊन नाई केला वो फोन?"

पहिला घाव त्या दोघांनी माझ्या हाताने घातला. खांद्यावर बसला, हाड मोडलेलं मला सळईतून कळलं. मग त्यांनी माझी कोपरं सोडली. शेठ हळूच म्हणाले की भाऊ नाही तर तू, काय ते ठरव.

दुसरा घाव मी घातला. डोक्यात.

मग सगळ्यांनी. पंगतीत वाढायला उभे राहतात तसे रांगेने, सळई एकाकडून दुसऱ्याकडे देत. कवटी फुटली तेव्हाही रांग मोडली नाही. मोबाइलवर शूटिंग चालू होतं. शेवटी बॉयलरचं तोंड उघडलं. आत ढकलताना भाऊंचा पाय अजून हलत होता.

नंतर समोसे वाटले. मी खाल्ला.

१ डिसेंबर

शेठने ते शूटिंग मला पाठवलं आहे. त्यात दुसऱ्या घावाच्या वेळी माझी कोपरं कुणी धरलेली नाहीत, स्पष्ट दिसतं. पोलिसांकडे जाऊन काय दाखवू?

भाऊंचा लॅपटॉप बॅगेसकट माझ्या टेबलावर आला. खुर्चीबरोबर बॅगही मिळते. कप्प्यात एक कंगवा होता, दात तुटलेला. मी संडासात जाऊन रडले. तेवढ्यात बँकेचा मेसेज आला, नव्या पगाराचा. खोटं कशाला लिहू, आकडा पाहून क्षणभर बरं वाटलं. त्याचीच जास्त किळस आली.

चिमणीतून धूर येतो. डब्यातला भात मी फेकून देते.

५ जानेवारी २०२६

माझ्या जुन्या खुर्चीवर नवी मुलगी आली आहे. रेणू, देवरीची. हुशार आहे, हसरी आहे, मला ताई म्हणते.

माझे ते व्हिडिओ मी आधीच एकूण एक पुसून टाकले होते. तिला काहीही शिकवायचं नाही, हळू शीक म्हणायचं.

आज हिंमत करून तिला सांगितलं की ही नोकरी सोड, पुण्याला जा, तिथे जास्त मिळेल. तिने माझ्याकडे पाहिलं. भूपेंद्रभाऊंकडे मी पाहायचे, अगदी तसंच.

३० जानेवारी

शेठकडे पेन ड्राइव्ह होता. सगळे व्हिडिओ आहेत. रेणू दुपारी कानात हेडफोन घालून बसते, आणि शेजारी उभं राहिलं की ऐकू येतो माझाच आवाज. उत्साहाने समजावतेय. किती स्पष्ट, किती छान —

ऑफिसभर पेढे वाटले. मी घेतला नाही.

९ फेब्रुवारी

रजा.

हात जोडले, पाय धरले. नाही ऐकलं. बोदलकसा धरणाकाठी शेठच्या मेव्हण्याचा बंगला आहे, तिथे आणून सोडलं. आराम करा म्हणाले. फाटकावर माणूस बसवला आहे. मागे भिंत, त्यापलीकडे धरणाचं पाणी. दूर मासे धरणारे जाळी ओढताना दिसतात. हाका मारल्या, त्यांनी हात हलवला.

फोन उशाशी. आवाज मोठा केलेला.

१० फेब्रुवारी

नाही आला.

रेणूला मीच केला. काही अडलंय का, विचारलं. म्हणाली सगळं ठीक आहे ताई, तुम्ही आराम करा.

तिला सगळं सांगायला तोंड उघडलं, तर मागून शेठचा आवाज आला. स्पीकरवर होते. फोन कट.

११ फेब्रुवारी

इथूनच लॅपटॉपवरून सिस्टीम पाडली. मीच. मुद्दाम. अशी पाडली की तिला उठवताच येऊ नये. आता तरी फोन येईल, यायलाच हवा —

चहा निवायच्या आत तिने उठवली. पुन्हा पाडली. पुन्हा उठवली. मग तिचा मेसेज, वर हसरा चेहरा. ताई, तुमचा तो शेवटचा व्हिडिओ फारच कामाला आला.

१२ फेब्रुवारी

लॅपटॉप चालत नाही. पासवर्ड बदलला. मेसेज जात नाहीत.

ही वही बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवणार, कंगव्याजवळ. बॅग तिच्याकडेच जाईल —

१३ फेब्रुवारी

फोन वाजला! वाजला! देवा —

शेठ होते. गाडी निघाली आहे, तयार राहा म्हणाले. मागे रेणू हसत होती. विचारत होती, निरोपाला ताईंना हार आवडेल की शाल —

फाटक उघडलं. पांढरी.

पोरी, ते तुझी कोपरं सोडतील. तेव्हा — नाही, ते आता होणारच. पुढचं ऐक. तुझ्या खुर्चीखाली कुणीतरी येईल. त्याला आधीच सांग, मारून मुटकून सांग. आणि तो रजेवर गेला की — नाही, तू गेलीस की —

पायऱ्यांवर आहेत. सुतळी आणली आहे, दिसते.

रेणू, एक तरी फोन कर वो बाई, काही नसन तरी —