जिवाणी सोडायची कुठं

१२ एप्रिल १९९९
नदी काळी. मासे पोट वर करून काठाला. कारखान्यानं मळी सोडली, दुसरं काय. नळाला तेच पाणी; ग्रा.पं.चं शुद्धीकरण दिवाळीपासून बंद. सौ. म्हणते, "गाळून घेतोय की." आपलं जैनाचं घर, गाळल्याशिवाय थेंब पोटात जात नाही. मीही निर्धास्त.

१५ एप्रिल
सून पद्माचे डोळे पिवळे. सातवा महिना. शिरोळचे डॉक्टर म्हणाले कावीळ, आजच कोल्हापूरला हलवा. पाणी गाळून पितो म्हटलं, जरा तोऱ्यातच. "काका, कापडानं कावीळ अडत न्हाई. उकळायचं." गाडीत पद्मानं पाणी मागितलं. घरनं आणलेलं द्यायला हात पुढं होईना.

१८ एप्रिल
सरकारी साहेब आले. नदीतून बाटली भरली, आप्पांकडे चहा घेतला, गेले. आप्पा सरपंच, कारखान्याचे संचालकही. माझा ऊस अजून उभा. तोड कुणाला द्यायची ते आप्पांच्या हातात. वाटेत भेटले. "सुनेचं कळलं. तुमची तोड लावतो महिनाअखेरीला." मी मान डोलावली. लाज वाटली, तरी डोलावली.

२३ एप्रिल
पद्मा बरळतेय. ओळखत नाही. मुलगा महावीर तिच्याजवळ; फोनवर नुसता रडतो. डॉ. म्हणाले बाळाचं आत्ता विचारू नका. फार भ्यालोय. असा कधी...

२६ एप्रिल
सौ. गाळणं धुतलेलं पाणी, जिवाणी, रोज नदीत सोडून येते. गाळण्यात अडकलेले जीव आपल्या ठिकाणी परत जावेत म्हणून. आज तांब्या भरलेलाच परत आणला.
"का गं?"
"तिथं सोडलं तर मरतील की. मारायला गाळायचं व्हय?"
डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची ही काळजी. आणि पोटातल्या लेकराला आपणच...

१ मे
ग्रामसभा. उठलो. म्हटलं, शुद्धीकरण होईतो नळ बंद करा, टँकर द्या, आणि मळी कोण सोडतं ते इतिवृत्तात लिहा. आप्पा शांतपणे म्हणाले, "अण्णा, बसा. घरात आजारपण हाय, डोकं ठिकाणावर न्हाई तुमचं." बसलो नाही. पण कुणी लिहिलंही नाही.
परत येताना पाहिलं, माझी ऊसतोडीची टोळी शेजाऱ्याच्या रानात उतरलेली.
"बोललासा?" सौ.नं विचारलं.
"व्हय."
कोल्हापूरचा फोन नाही. ओट्यावर जिवाणीचे तांबे वाढत चाललेत. आत्ता नळाला पाणी आलं. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. गल्लीत मात्र घागरी लागल्या, ऐकू येतंय.