शेजारच्या मशीनवरचं बोट

सर, तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली. तरी तुम्हालाच लिहावंसं वाटलं, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगायचं तर आधी सगळा क्लास समजावून सांगावा लागतो आणि दर वेळी तेवढा दम आता राहत नाही. मी डाव्या हातानं लिहितेय. हे अक्षर पाहून तुम्ही कागद परत केला असता. उन्हाळ्यात मला लकव्याचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, भिंत धरून मी स्वयंपाकघरापर्यंत जाते. हात आला नाही. ऑफिसातली रजा संपत आली आहे आणि टायपिस्ट म्हणून नोकरीला लागलेल्या बाईचा उजवा हात मांडीवर पडून असतो. तो परत येईल की नाही, एवढाच प्रश्न आहे. मी आता या प्रश्नानंही थकले आहे.

व्यायाम शिकवायला एक मॅडम घरी येतात. वयानं माझ्या भाचीएवढ्या. त्या मोबाइलवर एक चित्रफीत दाखवतात. त्यात एक हात पुढे येतो, पाण्याचा पेला धरतो, उचलतो, खाली ठेवतो. पुन्हा तेच. "हात हलवायचा नाही ताई," त्या म्हणतात, "फक्त पाहायचं. मग डोळे मिटून मनातल्या मनात तोच पेला तुम्ही उचलायचा." माणूस हालचाल पाहतो किंवा मनात आणतो, तेव्हा मेंदूतला हालचाल करवणारा भाग थोडाफार खऱ्यासारखाच जागा होतो, असं त्यांनी सांगितलं. मला समजलं ते हे एवढंच, चुकत असेन तर माहीत नाही. पण ऐकताना मला हसू आलं. त्यांना वाटलं, माझा विश्वास बसला नाही. मला अकोल्याचा आपला टायपिंगचा क्लास दिसत होता.

कृषी केंद्राच्या वरची ती खोली, जिन्यात औषधाच्या डब्यांचा वास, मशिनी थोड्या आणि मुलं फार. ज्या घरांत टायपिंग हा शब्द कधी कुणी उच्चारला नसेल तीही घरं त्या वर्षांत पोरींना पाठवायला लागली, कारण कापसावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. मीही तशीच, पातूरच्या बाजूच्या एका गावातून एसटीनं येणारी. मशीन रिकामी होईपर्यंत तुम्ही आम्हाला बाकावर बसवायचात. डोळे मिटलेले, बोटं लाकडावर. "आवाज काहून येऊन राह्यला? बोटं नाही हलवाची बेटा. डोक्यात हलवा." वेचणीच्या दिवसांत निम्मा क्लास गावी जायचा, तेव्हा तुम्ही बजावायचात, "कापूस वेचता वेचता डोक्यात एक पान मारत जा." एकदा मागून कोणीतरी म्हणालं, "मंग कापूस झाडावरच राहते सर." तुम्हीही हसलात. आणि कधी एखादा मुलगा बरेच दिवस यायचा नाही आणि आला की डोकं भादरलेलं असायचं, घरातलं कुणी गेलेलं. त्याला तुम्ही काही विचारत नव्हता. नंबर नसताना मशीन द्यायचात.

परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर आली आणि एसटीतून उतरताना मी पडले, उजवं मनगट मोडलं. मी रडत प्लास्टर दाखवायला आले. तुम्ही म्हणालात, "घरी बसून काय करशीन? इथं ये, पाहत बस." आणि क्लासात जिचा वेग सगळ्यांत जास्त होता, त्या मुलीशेजारी मला बसवलंत. तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं कडबा-कुट्टीच्या यंत्रात गेलं होतं. त्या बोटाची एल आणि ओ ही अक्षरं ती मधल्या बोटानं घ्यायची, इतक्या सहज की कुणाच्या ध्यानात येऊ नये. मी रोज पाहते आहे. मधलं बोट बाजूला सरकतं, वर जातं, जागेवर येतं. प्लास्टरच्या आत माझी बोटं तिच्याबरोबर चालली आहेत असं वाटतं, आणि मला बरं वाटतं, की मी मागे पडत नाही.

प्लास्टर निघालं आणि मी मशीनवर बसले. थोड्या वेळानं तुम्ही येऊन माझं बोट धरलंत. "दुखते?" नाही म्हटलं. "मंग हे उभं काहून?" ते उभं आहे हे मला माहीतच नव्हतं. करंगळीशेजारचं माझं धडधाकट बोट वर उचललेलं होतं आणि एल मी मधल्या बोटानं मारत होते. तुम्ही शेजारच्या मशीनकडे पाहिलंत. मग मला जिन्यात नेऊन रागावलात, हळू आवाजात. "तू तिचा हात घेऊन आली बेटा. तिच्यापाशी इलाज नाही, तुयापाशी आहे." दुसऱ्या दिवसापासून माझी जागा तुमच्या टेबलासमोर. हात मांडीवर ठेवायचे आणि तुमची बोटं पाहायची.

जागा बदललेली तिनं पाहिली. सगळ्यांसमोर विचारलं, "मायं बोट काय लागणीचा रोग आहे सर?" मीच खरं ते सांगून टाकलं. तिनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. "तुटलं मायं, अन् उपास धरला तुया बोटानं?" क्लास हसला. "मंग मले बी बसवा तुमच्यासमोर सर. पाहून पाहून उगवते का ते तरी पाहू." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "ये, बस." मग आम्ही दोघी तिथं बसायला लागलो आणि तुम्ही दोघींसाठी टाइप करत राहिलात. एकदा तिनं कानाशी येऊन सांगितलं, "बोट नाही तिथं मुंग्या येऊन राह्यल्या व." मी ते थट्टेवारी नेलं. आम्ही दोघीही पास झालो.

हे सगळं मी मॅडमला सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होऊ शकतं, पण मनगट आखडलं असेल तरी बोट उभं राहतं, एका आठवणीवरून ठरवू नये. बरोबर आहे. मीही ठरवत नाही. मला तुम्हाला वेगळंच विचारायचं होतं. तुम्हाला हे मेंदूचं खरंच ठाऊक होतं, की मशिनी पुरत नव्हत्या म्हणून पोरांना गुंतवून ठेवायला काढलेली ती युक्ती होती? तेव्हा विचारायचं सुचलं नाही. आता हे पत्र टाकायचं तरी कुठं?

पेल्याची ती चित्रफीत मी थोडा वेळ पाहते. उरलेला सगळा दिवस डोळ्यांसमोर असतो तो हाच हात, न हलणारा. मला भीती त्याची वाटते. नसलेलं बोट पाहून माझं असलेलं बोट गेलं होतं, मग या हाताकडे दिवसभर पाहून मी काय शिकत असेन? म्हणून मी तो पदराखाली ठेवते. भेटायला येणाऱ्या बाया म्हणतात, "झाकून काहून ठेवता ताई? आपल्याच लोकायपाशी लाज कायची?" मी त्यांना मेंदूचं सांगते, तुमच्या क्लासचं सांगते. त्या मान डोलावतात. मॅडमलाही मी हेच कारण दिलं आहे आणि ते खोटं नाही. पण सर, घरात कुणी नसताना पदर सरकला, तर मी तो परत ओढत नाही. दाराशी पाऊल वाजलं की मात्र ओढते.